ठोस विज्ञानकथा: काय वाचावं, काय बघावं, कुठली आवृत्ती घ्यावी

खगोलवेडा

ठोस, म्हणजे विज्ञानाचे नियम शक्यतो पाळणाऱ्या, विज्ञानकथांच्या शिफारशी मागितल्या की ढिगाने नावं येतात आणि त्यांतलं एकही हातात घेतलं जात नाही. म्हणून इथे नुसतं नाव टाकून पळू नका. कुठली आवृत्ती, कुणाचा अनुवाद, कुठून सुरुवात आणि विज्ञान कुठे गंडलंय, एवढं लिहा. कथानक फोडणार असाल तर आधी ‘रसभंग’ असा इशारा द्या.

सुरुवात ‘द एक्स्पान्स’ने करतो. डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक हे दोघे जेम्स एस. ए. कोरी या एकाच नावाने लिहितात. ९ कादंबऱ्या, २०११ ते २०२१. मालिकेचे ६ सीझन, ६२ भाग; पहिले ३ सीझन सायफाय वाहिनीचे, पुढचे ३ ॲमेझॉनचे. मालिका साधारण सहाव्या कादंबरीपाशी थांबते, त्यामुळे शेवटच्या ३ कादंबऱ्या वाचल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. पहिला सीझन बघून ‘पहिलं पुस्तक झालं’ समजून दुसरं उघडू नका. पहिल्या कादंबरीचा शेवट मालिकेत दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात येतो. सुरुवातीचे ३ भाग पात्रांच्या गर्दीत जातात. चौथा बघा, मग ठरवा.

बघताना यानाच्या रचनेकडे लक्ष द्या. मजले विमानासारखे आडवे नाहीत, इमारतीसारखे एकावर एक, आणि इंजिन तळमजल्याखाली. इंजिन चालू असेल तेव्हा पायाखाली ‘जमीन’ असते, बंद केलं की सगळे तरंगायला लागतात. अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून त्याच इंजिनाने वेग कमी करायचा. पडद्यावर हे इतकं सातत्याने पाळलेलं क्वचितच दिसतं.

त्रैराशिक

+१. त्या ‘उलटं फिरवा’ प्रकाराचं गणित सोपं आहे, कुठल्याही कथेला लावून बघा. अंतराला (मीटरमध्ये) त्वरणाने (मीटर प्रति सेकंद वर्ग) भागा, वर्गमूळ घ्या, दुप्पट करा: प्रवासाचा वेळ सेकंदांत मिळतो.

पृथ्वी ते गुरू ५ खगोलीय एकक धरू, म्हणजे ७५ कोटी किमी. त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या ०.३ पट. उत्तर जवळजवळ १२ दिवस. मधल्या बिंदूला वेग सेकंदाला सुमारे १,४८५ किमी. पूर्ण १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं, लावलं तर साडेसहा दिवसांच्या आत पोचता. बहुतेक लेखक याच्या आसपास आहेत, तेव्हा वेळापत्रकाची तक्रार नाही.

तक्रार उष्णतेची आहे. वेग वाढवणं आणि तेवढाच कमी करणं धरून एकूण बदल सेकंदाला २,९७० किमीचा. इंजिनातून मारा, म्हणजे मागे फेकलेला झोत, सेकंदाला ५,००० किमीने बाहेर पडतो असं मानलं, तर सुटताना वजनाच्या ४५ टक्के इंधन लागेल. ते चालण्यासारखं आहे. पण ५०० टनांच्या यानाला ०.३ जी द्यायला त्या माऱ्यात साडेतीन टेरावॉटच्या वर शक्ती जाते. तिच्यातली फक्त १ टक्का यानात झिरपली तरी १९ कोयना प्रकल्पांइतकी उष्णता झाली. पोकळीत वारा नाही, पाणी नाही. उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जाते आणि त्याला मैदानाएवढे पत्रे हवेत. मालिकेतल्या यानांना ते नाहीत. इंजिन ‘जादूचं’ आहे हे मान्य केलं की बाकी सगळं चोख, एवढीच अट घालून शिफारस.

काळोखातला_कंदील

ते इंजिन बनवणाऱ्याची गोष्ट दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात आहे. रसभंग: त्वरण इतकं वाढतं की त्याचा हात बटणापर्यंत पोचत नाही, आणि आवाजाने चालणारी आज्ञा त्याने आधीच बंद करून ठेवलेली असते. इंधन भरपूर असतं, वेग वाढतच राहतो. ज्यांना पूर्ण मालिकेला वेळ नाही त्यांनी निदान तेवढे प्रसंग बघावेत.

मालिकेतल्या सेरेसचं काय मग? हा गोळा गुरुत्वासाठी फिरवून स्थानक केलाय. तिथे मिलर हा पोलीस ग्लासात दारू ओततो आणि धार वाकडी पडते. फिरणाऱ्या स्थानकाची खूण म्हणून दृश्य झकास आहे.

त्रैराशिक

झकास आहे, पण आकड्यात बसत नाही. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किमी. विषुववृत्ताजवळ आतल्या बाजूने ०.३ जी हवं तर तो ४० मिनिटांत एक फेरी मारायला हवा. इतक्या मंद गतीत एक फूट पडणारी धार बाजूला सरकेल पाव मिलिमीटरसुद्धा नाही. डोळ्याला दिसणारी वक्रता हवी असेल तर स्थानक लहान हवं, काही मीटर त्रिज्येचं. आणि बर्फ-खडकाचा गोळा एवढ्या वेगाने फिरवला तर त्याचं विषुववृत्तच आधी अवकाशात उडेल, तो प्रश्न वेगळाच.

मोनोलिथ

लहान स्थानक म्हटल्यावर ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा सिनेमा आलाच. १९६८. डिस्कव्हरी यानातलं फिरतं चाक म्हणजे सेटवर खरोखर बांधलेला ३८ फूट व्यासाचा, ३० टनांचा पाळणा होता. व्हिकर्स कंपनीकडून करून घेतला होता.

त्यात चंद्राइतकं गुरुत्व हवं असेल तर ११-१२ सेकंदांत एक फेरी लागते. कडेचा वेग होतो ताशी सुमारे ११ किमी, म्हणजे माणसाच्या धावण्याइतका. आता गंमत बघा. चाक फिरतंय त्याच दिशेने तेवढ्याच वेगाने धावलात तर तुमचं वजन चौपट होईल. उलट दिशेने धावलात तर वजन शून्य, पाय सुटलेच. शिवाय उभं राहिलं की डोक्यापाशी पायांपेक्षा ३० टक्के कमी गुरुत्व. मान वळवली की गरगरणार. म्हणूनच आज कागदावर स्थानकांचे आराखडे आखणारे त्रिज्या शंभर मीटरच्या पुढे ठेवतात.

बघण्याची सूचना: पहिली साधारण २५ मिनिटं एकही संवाद नाही. मोबाइलवर, बसमध्ये, तुकड्यातुकड्याने बघायचा हा सिनेमा नाही. कादंबरी सिनेमाबरोबरच लिहिली गेली, पण दोन्ही सारखे नाहीत. सिनेमात यान गुरूकडे जातं, पुस्तकात शनीकडे. शेवट कळला नाही म्हणून वैतागला असाल तर पुस्तकाची शेवटची प्रकरणं वाचा, तिथे लेखक आर्थर क्लार्कने बरंच सरळ सांगून टाकलंय. सिनेमा आधी, पुस्तक नंतर. उलटं केलंत तर सिनेमा नुसता पुस्तकाची चित्रं वाटेल.

अवांतर: त्रैराशिक यांना हवे ते उष्णतेचे पत्रे डिस्कव्हरीच्या आराखड्यात होते. पंखांसारखे दिसतील आणि लोक विचारतील की पोकळीत पंख कशाला, म्हणून काढून टाकले.

रद्दीवाला

मी फक्त अनुवादांवर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

स्तानिस्लाव लेमची कादंबरी ‘सोलारिस’, मूळ पोलिश, १९६१. इंग्रजीत वर्षानुवर्षं मिळणारी प्रत १९७०ची, आणि ती पोलिशवरून नव्हे, फ्रेंच अनुवादावरून केलेली. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टनने केलेला अनुवाद २०११मध्ये आधी ध्वनिपुस्तक म्हणून आला, मग ई-बुक झालं. दुकानात ओळखायचं कसं? आत नायिकेचं नाव ‘रिया’ आणि शास्त्रज्ञाचं ‘स्नो’ असेल तर जुनी प्रत. ‘हॅरी’ आणि ‘स्नाउट’ असेल तर नवी. कागदी प्रत बहुतेक वेळा जुनीच हाती पडते, तेव्हा ई-बुक घ्या. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा यावरचा १९७२चा सिनेमा पृथ्वीवर बराच वेळ रेंगाळतो. पुस्तक मात्र पहिल्याच पानापासून यानात बसवतं. सिनेमातला तो लांबच लांब मोटारप्रवास टोकियोच्या रस्त्यांवर चित्रित केलाय.

स्त्रुगात्स्की या रशियन लेखक बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ घेताना ओलेना बोर्माशेन्कोचा २०१२चा अनुवाद मागा. यावरून तार्कोव्हस्कीचाच ‘स्टॉकर’ हा सिनेमा झाला, १९७९. पटकथा त्याच बंधूंची, पण पुस्तकातल्या परग्रही वस्तूंचं सगळं दुकान सिनेमातून गायब आहे. झोन (परग्रही येऊन गेलेला बंदी असलेला भाग), वाटाड्या आणि इच्छा पुरी करणारी जागा, एवढंच राहिलं. पुस्तक वेगवान आहे, सिनेमा अजिबात नाही. एकामुळे दुसऱ्याबद्दल मत बनवू नका.

ज्यूल व्हर्नची सगळ्यात दैना झाली. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीचा मर्सिअरने केलेला जुना इंग्रजी अनुवाद पाचव्या हिश्शाहून जास्त मजकूर गाळतो, आणि गाळलेला भाग नेमका शास्त्राचा. स्वस्त प्रती अजून याच छापतात. दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य बघा: निवेदक ‘डिसअग्रीएबल टेरिटरी ऑफ नेब्रास्का’मधून आलो म्हणत असेल तर प्रत परत ठेवा. फ्रेडरिक पॉल वॉल्टरचा पूर्ण अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न आणला, पण ती मुलांसाठीची रूपांतरं आहेत. त्यांची गोडी वेगळी, मूळ मजकुराशी ताडून बघू नयेत. आणि ‘वीस हजार लीग’ वाचली की ‘मिस्टीरियस आयलंड’ वाचा, तिथे कळतं की कॅप्टन नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार.

दुपारची_झोप

ब्लेड रनर कुठला बघू? तीन दिसतायत.

मोनोलिथ

२००७चा ‘फायनल कट’. डोळे मिटून. १९८२च्या थिएटर आवृत्तीत नायकाचं कंटाळवाणं निवेदन आहे आणि शेवटी चिकटवलेला गोड शेवट. त्यातली डोंगरांवरून जाणारी दृश्यं ‘द शायनिंग’ या सिनेमाच्या उरलेल्या रिळांतून घेतलेली. १९९२च्या आवृत्तीने दोन्ही काढलं, पण दिग्दर्शकाला पूर्ण मोकळीक मिळाली ती २००७मध्येच.

बटाटेवडा_ऑन_मार्स

‘द मार्शियन’ कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. अँडी वीअरने आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकलं, मोठ्या प्रकाशकाकडून २०१४मध्ये आलं, सिनेमा २०१५.

सगळ्यात कच्चा दुवा पहिल्याच प्रसंगात. वादळ ताशी १७५ किमीचं. पण मंगळावरच्या हवेची घनता आपल्या साठाव्या हिश्शाच्या आसपास. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून साठाचं वर्गमूळ घ्या: हा वारा अंगाला लागेल पृथ्वीवरच्या ताशी २२-२३ किमीच्या वाऱ्याइतका. वाळत घातलेले कपडे फडफडतील, रॉकेट कलंडणार नाही. लेखकालाही हे माहीत होतं. नायकाला तिथे अडकवायला काहीतरी हवं होतं म्हणून ठेवलं.

त्यानंतर मात्र माणूस हिशोबाने चालतो. पाणी बनवण्याचा भाग नीट वाचा: हायड्राझिन हे रॉकेटचं इंधन इरिडियमवरून नेलं की फुटून नायट्रोजन आणि हायड्रोजन होतात, हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला की पाणी. गंडतं कुठे? सगळा हायड्रोजन जळत नाही, तो खोलीत साठत जातो. ऑक्सिजन कमी ठेवून स्फोट टाळायचा बेत असतो, पण मुखवट्यातून श्वास सोडताना ऑक्सिजनही बाहेर पडतोच, हे हिशोबात धरलेलं नसतं. मग व्हायचं ते होतं.

पुस्तकात नसलेली अडचण म्हणजे परक्लोरेट. मंगळाच्या मातीत हे क्षार आहेत हे २००८मध्ये फिनिक्स यानाने दाखवलं. थायरॉइडला वाईट. पाण्यात विरघळतात, म्हणजे माती आधी धुवायला लागेल, आणि पाणीच तर तिथे मोजून आहे.

सिनेमात रोव्हर उलटण्याचा आणि धुळीच्या वादळाला वळसा घालण्याचा भाग कापलाय. उलट अवकाशपोशाखाच्या हातमोज्याला भोक पाडून सुटणाऱ्या हवेच्या जोरावर उडण्याची करामत पुस्तकात नायक फक्त सुचवतो आणि कमांडर ती धुडकावते. पुस्तकातलं बरोबर आहे.

खगोलवेडा

संदेशांच्या विलंबाचीही एक चाचणी ठेवा. मंगळापर्यंत प्रकाशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, गुरूपर्यंत ३३ ते ५३. पृथ्वी आणि गुरूवरची पात्रं फोनवर तडातडा भांडताना दिसली तर ती परीकथा आहे. परीकथा म्हणून बघा, हरकत नाही.

उद्याचा_काल

काळप्रवासात दोनच नावं, बाकी पोतंभर आहेत.

‘प्रायमर’, २००४, ७७ मिनिटं, खर्च फक्त ७,००० डॉलर. पहिल्यांदा काही कळणार नाही. यंत्राचा नियम आधी समजून घेतलात तर निम्मं कळेल, आणि त्याने रसभंग होत नाही. यंत्र म्हणजे खोका. सकाळी ९ला सुरू केला, दुपारी ३ला आत शिरलात, तर आत पूर्ण ६ तास पडून राहायचं आणि सकाळी ९ला बाहेर यायचं. जेवढं मागे जायचं तेवढाच वेळ आत घालवायला लागतो. आणि यंत्र सुरू होण्याच्या आधी कुणालाच जाता येत नाही. म्हणून ते खोका टायमरवर १५ मिनिटांनी सुरू करतात, नाहीतर बटण दाबतानाच समोर स्वतःचीच दुसरी प्रत उभी. दिवसभर हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतात तेही त्यासाठीच. भानगड सुरू होते एका जास्तीच्या खोक्यापासून. दुसऱ्यांदा बघताना वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रवेशाला विचारा: हा कितवा?

दुसरी ‘डार्क’, जर्मन, २०१७ ते २०२०. १०, ८ आणि ८ मिळून २६ भाग, आणि संपते, लांबत नाही. इंग्रजी डबिंग चुकूनही नको, मूळ जर्मन आवाज आणि सबटायटल. चार कुटुंबं आहेत. पहिल्या भागापासून कागदावर वंशावळ काढा आणि प्रत्येक नावापुढे १९५३, १९८६, २०१९ असे तीन रकाने ठेवा. जालावर तयार वंशावळ शोधू नका, पहिल्या ओळीतच सगळं फुटेल.

रद्दीवाला

क्रमाचं एक राहिलं. असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ कथेतल्या काळाप्रमाणे वाचू नका. १९५१, ५२, ५३ची मूळ त्रयी आधी, मग १९८२ आणि १९८६ची पुस्तकं, आणि ‘प्रील्यूड’ (१९८८) त्यांच्यानंतर. ‘प्रील्यूड’ कथाकाळात पहिलं असलं तरी त्यातला मोठा खुलासा बाकीची पुस्तकं वाचलेल्यांसाठी आहे. ॲपलच्या मालिकेतले एकापाठोपाठच्या क्लोन सम्राटांचे किस्से पुस्तकात नाहीतच, पण मालिकेतला सगळ्यात चांगला भाग तोच.

‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’: चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं मध्यावर ढकलली होती, केन लिऊच्या २०१४च्या इंग्रजी अनुवादात ती सुरुवातीला आली. लेखकाला हवा होता तो क्रम हाच. मालिका दोन: टेन्सेंटची ३० भागांची पुस्तकाला चिकटून, नेटफ्लिक्सची ८ भागांची मोकळी आणि वेगवान. पुस्तक वाचलं असेल तर पहिली, नसेल तर दुसरी.

त्रैराशिक

आणि पुस्तकात तीन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रहाची दैना होते, पण त्या खऱ्या अल्फा सेंटॉरीत असला गोंधळ नाही. दोन मोठे तारे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत फिरतात, तिसरा प्रॉक्सिमा फार लांबून. अशी रचना बऱ्यापैकी स्थिर असते.

सातासमुद्रापार

मराठीतलं काही? माझ्या पुतणीला, वय १५, जन्म आणि शिक्षण अमेरिकेत. मराठी समजतं, सावकाश वाचते.

मोनोलिथ

जयंत विष्णू नारळीकरांपासून सुरू करा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि ती पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचा.

तिच्यासाठी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ उत्तम. इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जातात जिथे विश्वासराव पानिपतावर पडले नाहीत, गोळी कानाजवळून गेली. याचं इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये घेतलं गेलंय, म्हणजे शेजारी ठेवून वाचता येईल. तिला १७६१च्या लढाईची पार्श्वभूमी दहा मिनिटं आधी सांगा, नाहीतर बदललंय काय तेच कळणार नाही. पुढे लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा नॅशनल बुक ट्रस्टचा संग्रह भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा इंग्रजीत देतो, तो घरातल्या मराठी न वाचणाऱ्यांना चालेल.

उद्याचा_काल

नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ राहिली की! मोबियस पट्टीसारखा फेरा मारून वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते, ही कल्पना.

पुतणीला प्रयोग करून दाखवा. कागद घेऊ नका, तिथेच सगळे फसतात: कागदावर एक फेरी मारली की चित्र पट्टीच्या मागल्या बाजूला जातं आणि उलटलेलं कळत नाही. पारदर्शक प्लास्टिकची ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी घ्या, एक अर्धा पीळ देऊन टोकं चिकटपट्टीने जोडा. लहानशा पारदर्शक तुकड्यावर डावा पंजा काढा, तो पट्टीवर सपाट ठेवून एक पूर्ण फेरी सरकवा, न उचलता. सुरुवातीच्या जागी आला की उजवा पंजा.

दुपारची_झोप

माणूस असा उलटला तर जगेल?

बटाटेवडा_ऑन_मार्स

श्वास घेईल, पाणी पिईल, मीठ चालेल. जेवणात अडेल. आपली प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची, साखर उजव्या हाताची, आणि पचवणारी विकरं (एन्झाइम) त्याच मापाची. उलटलेल्या माणसाची विकरंही उलटी, त्यामुळे वरणभातातलं प्रथिन आणि पिष्ट दोन्ही त्याच्या पोटातून जवळजवळ तसंच जाईल. ताट भरलेलं असून उपासमार.

वासही बदलतील. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप स्पिअरमिंटसारखं लागतं, त्याचं आरशातलं रूप बाळंतशोपासारखं. कुणी या उलट्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली तर त्याला पहिला संशय डॉक्टरकडे नाही, टूथपेस्टपाशी यायला हवा.